ज्ञानदेव हुंबे यांच्या नावावरील अकरा खोड्या

ज्ञानदेव हुंबे चौदा वर्षे चाकणच्या एका कारखान्यात मोटारींच्या दारांची कुलपे जोडत होते. एक कुलूप जोडायला त्यांना अठ्ठेचाळीस सेकंद लागत, आणि इतक्या वर्षांत त्यांनी जोडलेले एकही कुलूप ग्राहकाकडून परत आले नव्हते. अशा माणसाविषयी वरिष्ठांना फारसे काही ठाऊक नसते. कारखान्यात माणसाची ओळख त्याच्या चुकांवरून होते, आणि ज्ञानदेव यांनी ओळख होण्याची ही संधी कधीच घेतली नव्हती. भूम तालुक्यातून आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन ते आले, काळेवाडीत सोजरबाईंच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या, लग्न केले, आयुष आणि योगिनी ही अपत्ये झाली. सगळे यथास्थित होते. उणीव एकाच गोष्टीची होती. त्यांना खुर्ची नव्हती.

हे विधान शब्दशः घ्यावे. जोडणी करणारा कामगार आठ तास उभा असतो. सहायक पर्यवेक्षकाला काचेची खोली आणि तीत खुर्ची असते. चाळिशीच्या उंबरठ्यावर ज्ञानदेव यांच्या टाचा दुखू लागल्या. डॉक्टरांनी मऊ तळाच्या चपला आणि ‘उभे राहणे कमी करा’ असा सल्ला दिला. पहिला उपाय दुकानात मिळाला. दुसऱ्यासाठी बढती आवश्यक होती, आणि येत्या एप्रिलमध्ये सहायक पर्यवेक्षकाची एकच जागा रिकामी होणार होती.

त्या जागेसाठी तीन अटी होत्या. बारा वर्षांची नोकरी किंवा पदविका, निर्मळ हजेरी आणि वर्षभरात मंजूर झालेल्या चोवीस सुधारणा. यांतली तिसरी अट समजून घ्यायला हवी. या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांप्रमाणे येथेही प्रत्येक कामगाराने कामाच्या पद्धतीत छोट्या छोट्या सुधारणा सुचवाव्यात अशी अपेक्षा असते. मूळ जपानी शब्द कायझेन. कामगार त्याला ‘कायझेन टाकणे’ म्हणतात. एका छापील कागदावर डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’ आणि खाली ‘प्रेरणा’ असे रकाने असतात. माणसाने विचार करावा ही इच्छा चांगलीच आहे. पण ती दरमहा दोनदा आणि ठरावीक तारखेपर्यंत पूर्ण करायची असल्याने तिचे व्हायचे तेच होते. ज्ञानदेव यांनी एका वर्षी पाण्याच्या टाकीजवळ आरसा लावावा असे सुचवले होते. तो लागला. पुढच्या वर्षी, आरशापुढे गर्दी होते म्हणून तो काढावा असे त्यांनी सुचवले. तो निघाला. दोन्ही सूचना मंजूर झाल्या आणि दोन्हींबद्दल त्यांचे अभिनंदन झाले.

पण चोवीस आरसे कुठून आणायचे, हा प्रश्न होता. त्यांचा प्रतिस्पर्धी सुजित हा सव्वीस वर्षांचा, पदविका घेतलेला, अविवाहित तरुण होता. तो मोबाइलवर परदेशी कारखान्यांच्या चित्रफिती पाहून सूचना करी. ज्ञानदेव यांच्याकडे मोबाइल होता, पण तो बहुतेक वेळ योगिनीकडे असे.

जून महिन्यातल्या एका गुरुवारी, म्हणजे औद्योगिक पट्ट्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, ज्ञानदेव दुपारची झोप घेत होते. त्यांच्या पत्नी भाग्यश्रीबाई बाहेरच्या खोलीत पिको-फॉलच्या यंत्रावर बसल्या होत्या. शाळेतून आलेली मुले गॅलरीत होती आणि आवाज करत नव्हती. अनुभवी आईला एवढ्यावरून धोका कळायला हवा होता. परंतु एका लग्नघरच्या नऊ साड्या संध्याकाळपर्यंत द्यायच्या असल्याने ती शांतता त्यांनी वरदान म्हणून स्वीकारली. इतक्यात खालून सोजरबाईंचा आवाज आला. सोजरबाई मूळच्या काळेवाडीच्या. शेतावर इमारत उभी राहिली तरी अंगणात तीन कोंबड्या त्यांनी राखल्या आहेत.

“अगं ए भाग्यश्री! वरनं मसुराची डाळ याया लागलीया! माझ्या कोंबड्या बग, नुसत्या आ करून उभ्या हायत!”

गॅलरीत नळकामातून उरलेला प्लास्टिकचा लांब पाइप कठड्यावरून अंगणात सोडलेला होता. सात वर्षांचा आयुष तो धरून होता. चार वर्षांची योगिनी डब्यातली डाळ वाटीवाटीने त्यात सोडत होती.

“कुणी केलं हे?” भाग्यश्रीबाईंनी विचारले.

“पाइपनं,” योगिनी म्हणाली.

“डाळ कुणी ओतली?”

“ओतावी लागत नाही गं आई,” आयुष कौतुकाने सांगू लागला. “नुसतं वर धरायचं. आपोआप जाते. खाली वाकावं लागत नाही, जिना उतरावा लागत नाही, काही नाही!”

या निवेदनाचा आईवर इष्ट परिणाम झाला नाही. फ्रिज आणि भिंत यांच्यामधला कोपरा हे त्या घराचे शिक्षास्थान. तिथे दोघांना कान धरून दहा दहा मिनिटे उभे करण्यात आले. झोपमोड झालेल्या ज्ञानदेव यांनी वर आणखी पंधरा मिनिटे बोलून घेतले. “लेकरांनो, अन्न हाय ते. आमच्या लहानपणी सांडलेला दाणा वेचायला लावायचे. पुन्हा असलं काही केलंत तर गाठ माझ्याशी हाय.” मुलांनी पुन्हा करणार नाही असे कबूल केले.

दुसऱ्या दिवशी पाळीला गेल्यावर ज्ञानदेव नेहमीप्रमाणे स्प्रिंगांच्या खोक्याकडे वाकले. पाळीत सहाशे वेळा ते असे वाकत. सातव्या किंवा आठव्या वेळी, टाच ठणकली त्या क्षणी, त्यांच्या कानात आयुषचे वाक्य वाजले. खाली वाकावं लागत नाही. त्यांनी हात तसाच हवेत धरला. एक कुलूप तेवढ्या वेळात पुढे निघून गेले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

आठवडाभरात स्प्रिंगांचे खोके वर फळीवर गेले आणि एका तिरप्या नळीतून स्प्रिंगा आपोआप हाताशी येऊ लागल्या. सूचना मंजूर झाली. नळीशेजारी उभ्या असलेल्या ज्ञानदेव यांचे छायाचित्र फलकावर लागले, आणि ‘प्रेरणा’ या रकान्यात त्यांनी लिहिले, ‘घरगुती प्रसंगाचे सखोल निरीक्षण’. बक्षीस म्हणून मिळालेला स्टीलचा डबा घरी आणताना त्यांना थोडा विचार करावा लागला. ज्या कृत्याबद्दल गुरुवारी मुलांना शिक्षा केली, त्याच कृत्याचे बक्षीस सोमवारी घरात कसे आणायचे?

“हजेरीबद्दल दिला,” ते पत्नीला म्हणाले.

“तुमची हजेरी तर दर वर्षी असते.”

“ह्या वर्षी त्यांच्या ध्यानात आलं.”

जुलैमध्ये योगिनीने स्वयंपाकघरातल्या सर्व स्टीलच्या पेल्यांना बाबांचे कंपनीचे मोजे घातले. “त्यांना थंडी वाजते,” असे कारण तिने दिले. पेले धुण्यात भाग्यश्रीबाईंची सकाळ गेली, कोपऱ्यात दहा मिनिटे योगिनीची गेली, आणि महिन्याअखेर कारखान्यात कुलपांच्या रंगीत झाकणांना कापडी पिशव्या शिवल्या गेल्या, ज्यामुळे खोक्यात घासून त्यांच्यावर ओरखडे पडणे थांबले. ऑगस्टमध्ये आयुषने आईच्या रिळांमधला दोरा साऱ्या घरभर ताणून त्याचे टोक एका चमच्याला बांधले. कोणीही स्वयंपाकघराचे दार उघडले की चमचा पत्र्याच्या डब्यात पडून आवाज व्हावा, अशी योजना होती. योजना यशस्वी झाली तेव्हा भाग्यश्रीबाईंच्या हातात दीड लिटर दूध होते. त्या महिन्यात कारखान्यातला सुटा भाग संपत आला की घंटा वाजू लागली.

येथून पुढे ज्ञानदेव हुंबे यांच्या कौटुंबिक जीवनात एक पद्धत आली. ते घरी येत, हातपाय धूत, आणि चहाचा कप हातात घेऊन मुलांना जवळ बसवत.

“काय मग लेकरांनो, आज काय केलं?”

“काही नाही,” आयुष सावधपणे म्हणे.

“काहीच नाही?” हा प्रश्न ते इतक्या खिन्नतेने विचारत की मुलाला दया येई.

“थोडंसं केलं. पण आईला सांगू नका.”

“छे, छे! सांग की. सावकाश सांग. आधी कसं होतं, नंतर कसं झालं?”

मग ते मन लावून ऐकत, मधूनच “किती उंचीवरनं?” किंवा “परत तसंच जमलं का?” असे विचारत, आणि सर्व नीट कळल्यावर आवाज चढवून मुलांना रागे भरत. रागे भरणे आवश्यकच होते. स्वयंपाकघरात ते ऐकू जात असे. मुलांना या संभाषणाचा पूर्वार्ध आवडे. उत्तरार्धाची त्यांना सवय झाली. शहाण्या घरांतून मुलांना दोन पालक असतात, एक रागीट आणि एक प्रेमळ. हुंबे यांच्या मुलांना हे दोन्ही प्रकार एकाच पालकात, एकाच चहाच्या कपात मिळत होते.

डिसेंबरअखेर तेवीस सूचना मंजूर झाल्या. त्यांपैकी अकरा मुलांच्या खोड्यांतून निघालेल्या होत्या. बारा आरशाच्या जातीच्या होत्या. सुजितच्या एकवीस होत्या. एक सूचना आणि एक खुर्ची, एवढेच अंतर उरले. याच सुमारास कारखान्याच्या समितीने, कोणतीही वस्तू लावणे अथवा काढणे एवढीच सूचना यापुढे ग्राह्य धरली जाणार नाही असे पत्रक काढले, आणि याच सुमारास भाग्यश्रीबाईंनी मुलांना चिंचवडच्या एका सोसायटीच्या सभागृहात भरणाऱ्या संस्कारवर्गात घातले.

त्यांचा यात काही दोष नव्हता. पिको-फॉलच्या सोळा साड्यांच्या काठांवर मुलांनी बुटाच्या पॉलिशने आगगाडी काढली होती. ज्ञानदेव यांनी त्या आगगाडीची चौकशी जिव्हाळ्याने केली, डबे किती म्हणून विचारले. गिऱ्हाइकांची समजूत मात्र बाईंना घालावी लागली. संस्कारवर्गाच्या संचालिका विजयश्रीताई या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेले मूल चपला जोडीने ठेवते, मोठ्यांना मध्येच तोडत नाही, खरे बोलते आणि चूक झाली तर विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून क्षमा मागते, अशी त्यांची ख्याती होती. ही ख्याती दुर्दैवाने खरी होती.

तीन आठवड्यांत घर ओळखू येईना. ज्ञानदेव कामावरून आले की दोन्ही मुले सतरंजीवर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेली असत.

“हे काय चाललंय?”

“खेळतोय,” आयुष ओठ न हलवता म्हणाला.

“कसला खेळ हा?”

“जो आधी हलेल तो हरला.”

पुरवठा थांबला होता. कारखान्यात पुरवठा थांबला की पुरवठादाराला फोन करतात. येथे पुरवठादार समोर बसून डोळे मिटून घेत होता. ज्ञानदेव यांनी मग कच्चा माल पुरवून पाहिला. एके दिवशी त्यांनी चिकटपट्टीचे भेंडोळे, मूठभर रबरबँड, वीस रिकाम्या बाटल्या आणि एक बिघडलेला टॉर्च खोलीच्या मधोमध ठेवला आणि दाराआडून पाहत राहिले. मुलांनी बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या, रबरबँड डबीत भरले, आणि टॉर्च बाबांना आणून दिला.

“बाबा, तुमचा पसारा,” योगिनी म्हणाली. “जागेवर ठेवत जा.”

“अगं पण तुम्हाला त्यातनं काही करावंसं वाटत नाही?”

“वाटतं,” आयुषने प्रामाणिकपणे सांगितले. “पण ताई म्हणतात, वाटलं की दहापर्यंत आकडे मोजायचे. मग जातं.”

शेवटची तारीख आठ दिवसांवर आली तेव्हा ज्ञानदेव यांचा धीर सुटला. “लेकरांनो,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “आज आई बाजारात गेलीय. करा की जरा दंगा. मोडा काहीतरी!”

 आयुष वही आणि पेन्सिल घेऊन समोर बसला. “काय मोडू, बाबा?”

“ते तुझं तू ठरव.”

“किती वाजेपर्यंत?”

“आईला फोन करून विचारू का?” योगिनी म्हणाली.

अखेर बाबांचा मान राखावा म्हणून मुलांनी पेलाभर पाणी फरशीवर सांडले, आणि लगेच पुसून घेतले. ज्ञानदेव यांनी त्या ओल्या फरशीकडे सर्व बाजूंनी पाहिले. तिच्यात कोणतीही सुधारणा नव्हती.

तेव्हा जे काम लहानांना जमत नव्हते ते त्यांनी स्वतः करायचे ठरवले. लगेचच्या गुरुवारी, अडतीस वर्षांचा हा गृहस्थ बटाट्यांची टोपली घेऊन गॅलरीत उभा राहिला आणि कठड्याला टेकवलेल्या पत्र्यावरून एकेक बटाटा अंगणात सोडू लागला. आपण नक्की काय शोधत आहोत हे त्यांना सांगता आले नसते. मुलांनाही ते कधी सांगता आले नव्हते, यावर त्यांची भिस्त होती. चौथा बटाटा सोजरबाईंच्या पाठीत बसला.

“ज्ञानबा! आता तूबी व्हय रं?” सोजरबाई कमरेवर हात ठेवून वर पाहत होत्या. “प्वारं सुदारली आन बाप बिगाडला! वरनं टाकायचं तर टाक बाबा, तुजं घर हाय. पन आदी आरोळी तरी दे की! खालच्या मानसाला कळाया नगं?”

“आई,” आयुषने आत जाऊन नम्रपणे सांगितले, “बाबांनी सोजरआजींना बटाटा मारला. आम्ही पाहिलं. आम्ही नव्हतो.”

आत बरेच काही ऐकून घ्यावे लागले, पण ज्ञानदेव यांचे तिकडे लक्ष नव्हते. कारखान्यात माळ्यावरून खोकी घसरपट्टीने खाली सोडत, आणि खालच्या माणसाला कळायला काहीच सोय नव्हती. चार दिवसांत त्या पट्टीला घंटा बसली. चोविसावी सूचना मंजूर झाली. ‘प्रेरणा’ या रकान्यात या वेळी त्यांनी ‘ज्येष्ठ नागरिकांचे मार्गदर्शन’ असे लिहिले.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी कारखान्यात कुटुंबमेळावा होता. वर्षातून एकदा कामगारांच्या बायकामुलांना बसने चाकणला नेतात, डोक्यावर पिवळ्या टोप्या देतात आणि घरचा माणूस कुठे उभा राहतो ते दाखवतात. ज्ञानदेव यांनी हा मेळावा टाळण्याचे प्रयत्न केले. योगिनीला खोकला आहे असे ते म्हणाले. योगिनीने आपल्याला खोकला नसल्याचे लगेच सांगितले. शेवटी नाइलाजाने ते कुटुंबासह यंत्रशाळेत शिरले. दाराशीच भला मोठा फलक होता. ‘वर्षातील उत्कृष्ट सुधारक’. खाली त्यांच्या चोवीस सूचना, प्रत्येकीचे ‘आधी’ आणि ‘नंतर’.

योगिनीला वाचता येत नव्हते, पण चित्रे कळत होती. “आई, मोजे!” ती ओरडली. “आणि ती बघ आपली नळी! ह्यांनी आपली नळी घेतली!”

भाग्यश्रीबाई फलकापुढे उभ्या राहिल्या. साडीचा काठ तपासताना त्या जशा इंचाइंचाने सरकतात तशा पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सरकल्या. इतक्यात कारखान्याचे प्रमुख तिथे आले. त्यांनी ज्ञानदेव यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मुलांकडे वाकून विचारले, “काय रे बाळा, बाबांनी केलेल्या ह्या सगळ्या गोष्टी आवडल्या का?”

आयुषने फलकावरचे शब्द एकेक करून लावत वाचले होते. त्याने टोपी काढून बहिणीच्या हातात दिली आणि दोन्ही हात जोडले.

“सर, आम्ही चुकलो. डाळ आम्ही सांडली. पेल्यांना मोजे योगिनीनं घातले. चमचा मी बांधला, त्यात दूध पण सांडलं. सगळं इथं लागलंय ते आम्हीच केलंय. आम्हाला शिक्षा झालेली आहे. आम्ही पुन्हा असं कधी करणार नाही.”

“पुन्हा नाही,” योगिनीनेही हात जोडले. एका हातात टोपी असल्याने ते तिला पुरते जमले नाही.

प्रमुख इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. सुजितही हसला. “ज्ञानदेवभाऊ, आपल्याला पण द्या की राव एखादं पोरगं भाड्यानं,” तो म्हणाला. हसल्या नाहीत त्या मनुष्यबळ विभागाच्या मिनल मॅडम. त्यांनी आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतले.

परतीच्या बसमध्ये मोशी गेल्यावर भाग्यश्रीबाईंनी विषय काढला.

“दुधाच्या दिवशी तुम्ही आयुषला काय म्हणालात?” त्यांनी विचारले.

“आठवत नाही.”

“मला आठवतंय. ‘डोक्यात काय भुसा भरलाय का रे’ म्हणालात. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच डोक्यातलं उचलून कंपनीत नेलंत.”

“अगं, टाचा बघ माझ्या. खुर्ची मिळाली तर…”

“टाचांचं मला ठाऊक आहे, रोज तेल मीच लावते. खुर्ची घ्या. कुणी नको म्हटलंय? पण लेकरांना अकरा वेळा उभं केलं मी कोपऱ्यात. वाईट मी झाले. तुम्ही चहा पीत बसलात.” 

शुक्रवारी मिनल मॅडमनी त्यांना बोलावले. “हुंबे, प्रसंग गंभीर आहे. आपल्या परदेशी ग्राहकांना दर वर्षी लिहून द्यावं लागतं, की उत्पादनाच्या कुठल्याही टप्प्यावर बालकांचा सहभाग नाही. आणि तुमच्या मुलानं दीडशे लोकांसमोर हात जोडून सांगितलं की अकरा टप्प्यांवर आहे.”

“मॅडम, लेकरं घरी खेळली नुसती.”

“विचार हे काम आहे, असं आपणच फलकावर लिहिलंय ना?” हा युक्तिवाद बिनतोड होता. नळी, पिशव्या, घंटा हे सर्व काढून टाकावे तर दिवसाला चाळीस कुलपे कमी होणार होती, आणि तेवढी तत्त्वनिष्ठा कोणालाच परवडणारी नव्हती. म्हणून विधी सल्लागारांनी एक घोषणापत्र तयार केले होते. ते सही करून आणले तर सूचना कायम राहतील आणि खुर्चीही मिळेल. न आणल्यास अकरा सूचना रद्द होऊन खुर्ची सुजितकडे जाईल. साक्षीदार म्हणून पत्नीची सही आवश्यक होती.

संध्याकाळी त्यांनी ते पत्र यंत्राशेजारी ठेवले. भाग्यश्रीबाईंनी ते पूर्ण वाचले. नवऱ्याच्या पायांकडे एकदा पाहिले.

“करते सही,” त्या म्हणाल्या. “पण आधी लेकरांसमोर मोठ्यानं वाचा.”

मुले सतरंजीवर येऊन बसली. ज्ञानदेव उभ्यानेच वाचू लागले. “मी, ज्ञानदेव हुंबे, असे घोषित करतो की, सोबतच्या यादीतील अकरा कृतींमध्ये माझ्या अल्पवयीन पाल्यांचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणताही सहभाग नव्हता. सदर सर्व कृती मी स्वतः, प्रौढ वयात, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय केल्या.”

“म्हणजे काय?” योगिनीने विचारले.

“म्हणजे,” आयुष हळूहळू म्हणाला, “ते आपण केलंच नाही.”

“मग कुणी केलं?”

सगळे बाबांकडे पाहू लागले. विजयश्रीताईंच्या वर्गात खरे बोलायला शिकवले होते, आणि खरे काय ते आता कागदावर, शिक्क्यासह लिहिलेले होते.

“मी,” ज्ञानदेव म्हणाले.

“दूध पण?”

“दूध पण.”

“मग आम्ही कोपऱ्यात का उभे होतो?” आयुषने विचारले. त्याने यादी मागून घेतली आणि बोट ठेवत मोजली. “अकरा. दहा दहा मिनिटं.” मग त्याने आईकडे पाहिले. आईने पेन उघडले, साक्षीदाराच्या रेघेवर ठळक अक्षरांत सही केली आणि पत्र पुन्हा नवऱ्याच्या हातात दिले.

“निकाल लेकरांनी लावावा,” त्या म्हणाल्या. “मला साड्या आहेत.”

ज्ञानदेव यांनी सही केली. माणूस टाचेने जितका विचार करतो तितका त्यांनी केला, आणि सही केली. मुलांनी आपसांत कुजबुज करून एक सवलत दिली. बाबांचे पाय दुखतात, म्हणून खुर्ची मिळेल त्या दिवसापासून रोज एकच कृती घ्यायची. पण कान धरायचेच, कारण त्याशिवाय मोजत नाहीत.

एक एप्रिलला ज्ञानदेव हुंबे सहायक पर्यवेक्षक झाले. दिवसभर ते काचेच्या खोलीत बसून होते. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला, आणि नव्या सदऱ्यासह फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले. आयुष घड्याळापुढे बसला. पाचव्या मिनिटाला त्यांचा फोन वाजला. ते वळू लागले, तशी आयुषने मान हलवली. योगिनीने फोन उचलला. पलीकडे कारखान्याचे प्रमुख होते. नव्या पर्यवेक्षकाचे अभिनंदन करायला त्यांनी मुद्दाम फोन केला होता.

“बाबा कोपऱ्यात आहेत,” योगिनी म्हणाली. “पाच मिनिटांनी करा. आणि उद्या पण याच वेळेला करू नका. अजून दहा राहिलेत.”